सूर्याआधीचे तीन दिवस

बायबलमधल्या सृष्टीच्या कथेचा विषय निघाला, की एक विधान हमखास ऐकू येतं. डार्विन येईपर्यंत सगळे ख्रिस्ती लोक ती कथा अक्षरशः खरी मानत होते. विज्ञानानं कोंडीत पकडल्यावर चर्चनं ‘ते रूपक होतं’ अशी पळवाट काढली. हे विधान दोन विरुद्ध गोटांतून सारख्याच ठामपणे येतं. धर्माची चिकित्सा करणारे ते चर्चच्या लबाडीचा पुरावा म्हणून सांगतात. शब्दशः वाचनाचा आग्रह धरणारे धर्मोपदेशक तेच सांगून रूपकार्थ मानणाऱ्यांना पातळ श्रद्धेचे ठरवतात. एरवी या दोघांचं कशावरही पटत नाही, इतिहासाच्या या एका कलमावर मात्र पूर्ण एकमत आहे. आणि ते कलमच चुकीचं आहे.

आधी मूळ मजकूर पाहू. ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव सहा दिवसांत सृष्टी घडवतो. पहिल्या दिवशी प्रकाश होतो. सूर्य, चंद्र आणि तारे मात्र चौथ्या दिवशी येतात. तरीही पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली, सकाळ झाली, असं मजकूर सांगतो. सूर्यच नाही तर संध्याकाळ कसली?

हा प्रश्न डार्विनच्या काळात कुणा निरीश्वरवाद्याला सुचलेला नाही. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या ग्रीक तत्त्वचिंतकानं ख्रिस्ती धर्मावर कडाडून टीका करणारं पुस्तक लिहिलं आणि त्यात नेमकं यावरच बोट ठेवलं. त्याला सविस्तर उत्तर दिलं ते अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानानं, सुमारे २४८ साली. पण ओरिजेनला या प्रश्नानं गडबडून जायचं कारणच नव्हतं. आपल्या आधीच्या एका ग्रंथात त्यानं स्वतःच तो मांडला होता: सूर्याशिवाय दिवस झाले, किंवा देवानं शेतकऱ्यासारखी एदेनात बाग लावली, हे कोणता समंजस माणूस जसंच्या तसं घेईल? त्याच्या मते अशा जागा वाचकाला थांबवण्यासाठी आणि खोल अर्थाकडे वळवण्यासाठीच आहेत. त्याच्याही दोनशे वर्षं आधी, त्याच शहरात, फिलो हा ज्यू विचारवंत लिहून गेला होता की सृष्टी सहा दिवसांच्या काळात घडली असं समजणं भोळेपणाचं आहे. सहा हा आकडा काळ मोजण्यासाठी नव्हे, रचनेतली सुव्यवस्था दाखवण्यासाठी आहे.

ओरिजेनच्या काही मतांना पुढे चर्चनं पाखंड ठरवलं, तेव्हा त्याची साक्ष कुणी बाजूला ठेवू शकेल. सेंट ऑगस्टीनची ठेवता येणार नाही. पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर त्याच्याइतका ठसा क्वचितच कुणाचा असेल. हिप्पो या उत्तर आफ्रिकेतल्या शहराचा हा बिशप सुमारे ४०१ ते ४१५ या काळात बारा भागांचा एक ग्रंथ लिहीत होता आणि त्याचं नावच ‘उत्पत्तीचा शब्दशः अर्थ’ असं होतं. या शब्दशः अर्थात काय निघालं? देवानं सगळं एकाच क्षणी निर्माण केलं. पुष्कळ गोष्टी बीजरूपात होत्या आणि काळाच्या ओघात उमलल्या. सहा दिवस हे आपल्या ओळखीचे, सूर्यानं मोजलेले दिवस नव्हेत.

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळा घोळ ‘शब्दशः’ या शब्दाभोवती आहे. ऑगस्टीनच्या लेखी शब्दशः वाचणं म्हणजे मजकूर प्रत्यक्षात काय सांगू पाहतो आहे ते शोधणं. आज तोच शब्द ‘वर्तमानपत्रातल्या बातमीसारखं वाचणं’ या अर्थी वापरला जातो. दोन्हींत जमीनअस्मानाचं अंतर आहे. याच ग्रंथात ऑगस्टीननं आपल्या धर्मबांधवांना कडक समजही दिली आहे: आकाश, ग्रह-ताऱ्यांच्या गती, प्राणी, वनस्पती यांबद्दल इतरांनाही अनुभवानं आणि विचारानं पक्कं ज्ञान असतं. त्यांच्यासमोर धर्मग्रंथाच्या नावानं भलतंसलतं बोललात, तर ते मोक्षाबद्दलच्या तुमच्या शब्दावर विश्वास का ठेवतील? हे डार्विनच्या साडेचौदाशे वर्षं आधीचं आहे.

मग सगळेच रूपकवादी होते का? मुळीच नाही, आणि तसं सांगणं ही दुसऱ्या बाजूची लबाडी होईल. ऑगस्टीनच्या थोडं आधी, चौथ्या शतकात, सीझरियाच्या बेसिलनं सृष्टीच्या सहा दिवसांवर गाजलेली प्रवचनं दिली. त्याचा पवित्रा उलटा होता: गवत म्हटलं की गवतच समजायचं, दिवस म्हणजे चोवीस तास. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरनं ऑगस्टीनचं मत नाकारून सहा दिवस म्हणजे सहाच दिवस असं बजावलं. खुद्द ऑगस्टीनही जग सहा हजार वर्षांपेक्षा कमी वयाचं मानत होता. प्राचीन आणि मध्ययुगीन ख्रिस्ती माणसाला पृथ्वी तरुणच वाटत होती, कारण तिचं खरं वय कळण्याचं साधन कुणाच्याच हाती नव्हतं. मुद्दा एवढाच की दोन्ही वाचनं पहिल्यापासून शेजारी-शेजारी होती आणि दोन्ही श्रद्धावंतांचीच होती. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं दोन्ही मतं मांडली आणि एकालाही पाखंड म्हटलं नाही. जॉन कॅल्विनचा तर सहा दिवसांवर विश्वास होता, तरी १५५४ च्या आपल्या भाष्यात त्यानं एक अडचण मोकळेपणानं मान्य केली. उत्पत्तीत सूर्य आणि चंद्र यांना दोन मोठ्या ज्योती म्हटलं आहे. खगोलशास्त्रज्ञ सांगतात की शनी चंद्रापेक्षा मोठा आहे. कॅल्विनचं उत्तर साधं आहे: मोशेनं (परंपरेनं या पुस्तकाचा कर्ता तोच) सामान्य माणसाच्या डोळ्यांना जे दिसतं ते लिहिलं, ज्याला खगोलशास्त्र शिकायचं असेल त्यानं दुसरीकडे जावं.

आता एक असा शब्द, जिथे मराठी वाचकाची विशेष फसगत होते. मराठी बायबलमध्ये दुसऱ्या दिवशी देव ‘अंतराळ’ करतो. अंतराळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोकळी येते, अंतराळवीर येतो. मूळ हिब्रू शब्द ‘राकिया’ आहे आणि तो ठोकून पातळ पत्रा करणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. ‘निर्गम’ या पुस्तकात याजकाच्या वस्त्रासाठी सोनं ठोकून पत्रे केल्याचा उल्लेख आहे, तिथे हाच धातू आहे. म्हणजे डोक्यावर ठोकून बसवलेलं घट्ट छत, त्याच्या वर पाणी, खाली पाणी. नोहाच्या जलप्रलयात त्याच आकाशाच्या खिडक्या उघडतात आणि पाणी कोसळतं. प्राचीन पश्चिम आशियातल्या लोकांना विश्व साधारण असंच दिसत होतं. आज शब्दशः वाचनाचा कितीही आग्रह धरणारा माणूस डोक्यावर घन छत आणि त्यावर समुद्र आहे असं म्हणत नाही. तिथे तोही अर्थ लावतो, शब्द सैल करतो. त्याबद्दल त्याला दोष द्यायचं कारण नाही. पण मग इतरांनी ‘दिवस’ या शब्दाचा अर्थ लावला की श्रद्धा बुडाली, हे कुठल्या न्यायानं?

दिवसाचंही पाहू. हिब्रू ‘योम’ हा आपल्या ‘दिवस’सारखाच लवचीक आहे. आपण दिवस उगवला म्हणतो, दहा दिवसांची सुट्टी म्हणतो, सुगीचे दिवस म्हणतो, कुणाचे दिवस फिरले म्हणतो, आणि एखादीला दिवस गेले म्हणतो तेव्हा कॅलेंडर कुणाच्याच मनात नसतं. उत्पत्तीतही पहिल्याच अध्यायात योम म्हणजे उजेडाचा काळ आणि योम म्हणजे पूर्ण दिवस, असे दोन अर्थ आहेत. दुसऱ्या अध्यायात तर सगळी सृष्टी झाली त्या काळाला मिळून एकच ‘योम’ म्हटलं आहे. एवढ्यावरून काहींनी एकेक दिवस ताणून कोट्यवधी वर्षांचा केला आणि भूगर्भशास्त्राशी जुळवून दाखवला. ही जुळवाजुळवही टिकत नाही. संध्याकाळ, सकाळ, पहिला, दुसरा अशा मोजणीत योम म्हणजे साधा दिवसच. पण तो दिवस एका रचनेचा भाग आहे. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात: उजेड-अंधार, आकाश-पाणी, कोरडी जमीन. पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमानं त्या भरल्या जातात: ज्योती, पक्षी आणि मासे, जमिनीवरचे प्राणी आणि माणूस. सातव्या दिवशी विश्रांती, म्हणजे शब्बाथ. ही आठवड्याच्या साच्यात बांधलेली घडण आहे. तिच्यातून खडकांचं वय काढू पाहणारा तरुण पृथ्वीवाला असो की प्राचीन पृथ्वीवाला, मजकुराला भलताच प्रश्न विचारतो आहे.

शंका असेल तर दुसरा अध्याय पहिल्याच्या शेजारी ठेवून वाचावा. पहिल्यात वनस्पती, मग प्राणी, शेवटी स्त्री-पुरुष एकत्र. दुसऱ्यात आधी पुरुष, मग झाडं, मग प्राणी, शेवटी स्त्री. ज्यांनी हे दोन अध्याय एकापुढे एक ठेवले, त्यांना हा क्रम दिसत नव्हता असं मानणं त्यांचा अपमान आहे. त्यांना घटनांची तारीखवार नोंद ठेवायची नव्हती. शिवाय ‘आदाम’ हा हिब्रूत आधी सामान्य शब्द आहे, अर्थ माणूस. आणि ‘अदामा’ म्हणजे माती. मातीतून घडलेला तो माणूस. आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेल्या ‘आदमी’ शब्दात उलटा प्रवास झाला, विशेषनामाचा पुन्हा सामान्य माणूस झाला.

मग पृथ्वी सहा हजार वर्षांचीच आहे असा आग्रह धरणारा आजचा पंथ कुठून आला? इथे बहुतेकांचा अंदाज पुरता उलटा ठरतो. अॅडम सेजविक आणि विल्यम बकलंड हे इंग्लंडचे आघाडीचे भूगर्भशास्त्रज्ञ स्वतः अँग्लिकन धर्मगुरू होते. एकाच जागतिक जलप्रलयानं वरचे थर रचले हे आपलंच मत सेजविकनं १८३१ मध्ये जाहीरपणे मागे घेतलं. बकलंडनंही ते १८३६ पर्यंत सोडलं. डार्विनचा ग्रंथ यायला अजून दोन दशकांहून जास्त अवकाश होता. १९२५ मध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला भरला गेला. उत्क्रांतीविरोधाचं नेतृत्व विल्यम जेनिंग्ज ब्रायनकडे होतं. बचाव पक्षाच्या क्लॅरन्स डॅरोनं त्याला साक्षीला बोलावलं, तेव्हा त्यानंच सांगितलं की सृष्टीचे दिवस चोवीस तासांचे असलेच पाहिजेत असं आपल्याला वाटत नाही.

जलप्रलयानं सगळे जीवाश्म रचले ही आजची मांडणी त्या वेळी मुख्यतः सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट या छोट्या पंथात होती. त्याच पंथातल्या जॉर्ज मॅक्रेडी प्राइसनं १९२३ मध्ये तिच्यावर मोठं पुस्तक लिहिलं. ती या पंथाबाहेरच्या पुराणमतवादी प्रॉटेस्टंटांत पसरली १९६१ नंतर. जॉन व्हिटकॉम्ब हा धर्मशास्त्राचा अभ्यासक आणि हेन्री मॉरिस हा जलअभियांत्रिकीचा जाणकार, या दोघांनी ‘द जेनेसिस फ्लड’ हे पुस्तक त्या वर्षी काढलं. रोनाल्ड नंबर्स या इतिहासकारानं ‘द क्रिएशनिस्ट्स’ या १९९२ च्या ग्रंथात हा प्रवास कागदपत्रांनिशी दाखवला आहे. म्हणजे ज्याला ‘प्राचीन श्रद्धा’ म्हणून पुढे केलं जातं, त्या चळवळीचं आजचं रूप माणसाच्या पहिल्या अंतराळ उड्डाणाच्या वयाचं आहे. युरी गागारिनही १९६१ मध्येच गेला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. जग ख्रिस्तपूर्व ४००४ मध्ये निर्माण झालं असं बायबलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. ती आर्चबिशप जेम्स अशरनं १६५० मध्ये वंशावळ्या आणि राजांच्या कारकिर्दी जुळवून काढलेली तारीख आहे. १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात ती छापली जाऊ लागली, आणि समासातलं पुढे लोकांना मजकुरातलंच वाटू लागलं. ज्यू पंचांग याच कथेवरून ख्रिस्तपूर्व ३७६१ धरतं; कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचे सणही त्याच पंचांगानं ठरतात.

पहिली स्त्री हव्वा हिनं सफरचंद खाल्लं असंही मजकुरात नाही. फक्त ‘फळ’ आहे. कथेत हव्वा आदामाच्या बरगडीतून घडते, पण म्हणून पुरुषाला स्त्रीपेक्षा एक बरगडी कमी नसते; दोघांना बाराच जोड्या असतात. मध्ययुगातली शिकलेली माणसं पृथ्वी सपाट मानत नव्हती. आठव्या शतकातला इंग्लंडचा भिक्षू बीड तिला चेंडूसारखी गोल म्हणतो. महास्फोटाची कल्पना चर्चला झोंबायचं कारण नव्हतं. ती प्रथम मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरूच होता.

रूपकार्थानं सगळं सुटतं, हाही गैरसमजच. पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधनाला मुभा दिली, पण सगळी माणसं एका आदामाचीच संतती आहेत हे सोडलं नाही, कारण आदामाचं पाप वंशपरंपरेनं सगळ्यांकडे येतं ही मूळ पापाची शिकवण त्याला बांधलेली आहे. मानवी जनुकांतली विविधता मात्र एकाच जोडप्यापासून निघालेल्या वंशाच्या चित्राशी जुळत नाही. खरा, अवघड पेच इथे आहे, आणि धर्मशास्त्रज्ञ आजही त्यावर झगडत आहेत.

आणि शेवटचा गैरसमज: शाळांवरून झालेले खटले म्हणजे विज्ञान विरुद्ध चर्च. आर्कान्सा राज्यानं १९८१ मध्ये कायदा केला की शाळांत उत्क्रांतीबरोबर ‘सृष्टिविज्ञाना’लाही संतुलित स्थान द्यावं. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या वादींची यादी उघडली तर तिथे त्या राज्यातले मेथडिस्ट, एपिस्कोपल, रोमन कॅथलिक आणि आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे बिशप दिसतात. ५ जानेवारी १९८२ रोजी न्यायाधीश विल्यम ओव्हरटन यांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. खटला ‘मॅक्लीन विरुद्ध आर्कान्सा’ या नावानं ओळखला जातो. ज्यांचं नाव त्याला मिळालं ते विल्यम मॅक्लीन मेथडिस्ट पाळक होते.