कापलेली अक्षरे भिंतीवर चढेपर्यंत

शाळेच्या स्मरणिकेत रेडियमच्या अक्षरांवर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. वर्गखोल्यांच्या दारांवरील नावे, वसतिगृहाच्या नियमांचा फलक, भोजनगृहातील वेळापत्रक, शाळेच्या बसवरील नाव आणि देणगीदारांची नामावली ही अक्षरे आता ब्रशने लिहिली जात नाहीत. ती यंत्रावर कापून चिकटवली जातात. शिवाय आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे सटाणा, देवळा, कळवण, मालेगाव या गावी फलकांची आणि गाड्यांवरील नावांची छोटी दुकाने चालवतात, त्यांची चूल याच अक्षरांवर पेटते. आम्ही त्यांतलेच काही जण. या कामातील एका भागाविषयी गिऱ्हाईक कधी विचारत नाही आणि दुकानदारही फारसे बोलत नाही. तो भाग म्हणजे अक्षर कापून झाल्यावर ते भिंतीवर बसेपर्यंतचा मधला काळ. तो कधी तासाभराचा असतो, कधी दोन महिन्यांचा. फलक वर्षभरात सोलू लागला की बोल मालाला किंवा चिकटवणाऱ्याला लागतो. पुष्कळदा दोष या मधल्या काळातच शिरलेला असतो.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे या कामाला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, पण त्यात रेडियम नावाचे मूलद्रव्य तिळमात्र नसते. मेरी व पिएर क्यूरी यांनी १८९८ साली शोधलेले ते मूलद्रव्य पुढे घड्याळाच्या काट्यांवरील चमकत्या रंगात वापरले गेले. अंधारात चमकणाऱ्या वस्तूला लोकांनी रेडियम म्हणणे त्यावरूनच आले असावे. रात्री गाडीच्या दिव्यात उजळणारी पट्टी तिच्यातील काचेच्या सूक्ष्म मण्यांमुळे किंवा बारीक लोलकांमुळे उजळते. तो प्रकाश तिचा स्वतःचा नसतो, परतवलेला असतो. आणि दुकानात मिळणारी बहुतेक ‘रेडियम’ अक्षरे तर चमकतही नाहीत. ती साध्या रंगीत व्हिनाइलची, म्हणजे पीव्हीसी या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याची असतात.

या मालाचे तीन थर असतात. वर प्लास्टिकचा पापुद्रा, त्याखाली गम आणि सर्वांत खाली सिलिकॉनचा लेप दिलेला कागद. तिघांचे स्वभाव निराळे आहेत आणि सगळी गोम येथेच आहे. कागद हवेतला ओलावा पितो व फुगतो. प्लास्टिक तसा पीत नाही. प्लास्टिक उष्णतेने सैल होते. कागद होत नाही. गम उन्हाळ्यात मऊ होऊन कडेने बाहेर येऊ पाहतो आणि थंडीत कडक होतो. पीव्हीसी मुळात कडक असते. ते लवचिक व्हावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळतात. अमेरिकेतील वॉल्डो सेमन यांना १९२६ साली ही युक्ती साधली आणि पीव्हीसीचा वापर वाढत गेला. स्वस्त मालातील हे द्रव्य काळाबरोबर गमात उतरते, उष्णतेत तर अधिकच वेगाने. मग गम लिबलिबीत होतो आणि पापुद्रा ताठर व आखूड होतो. कपाटात न हलवता ठेवलेला माल जसाच्या तसा राहतो, हा समज म्हणून खरा नाही. तो आतल्या आत बदलत असतो.

नेहमीचा माल तप्त रुळांमधून लाटून काढलेला असतो. लाटलेली पोळी पोळपाटावरून उचलली की किंचित आक्रसते, तसा हा पापुद्राही आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहतो. द्रव ओतून केलेला ‘कास्ट’ माल महाग व पातळ असतो आणि फारच कमी आक्रसतो; पण सपाट फलकासाठी तो कोणी मागत नाही, आणि मागण्याची गरजही नसते. अखंड रोलमध्ये आक्रसण्याचा ताण सर्वत्र वाटला जातो. कापल्यावर मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःच्या मोकळ्या कडा मिळतात, आणि बिघाड नेहमी कडेपासून सुरू होतो. कंपन्या रोल एक-दोन वर्षांत वापरा म्हणतात. ती मुदत कापलेल्या अक्षरांना लावणे धोक्याचे आहे.

देवनागरीच्या बाबतीत आणखी काही सांगितले पाहिजे. संगणकावर अक्षरे जुळवताना शिरोरेषा एकसंध केली नाही, तर यंत्र प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर पाते फिरवते आणि शब्दाचे तुकडे होतात. एकसंध केली की ‘सिद्धार्थ’ हे नाव रफारासकट एका तुकड्यात उचलले जाते. इंग्रजी फलकातील अक्षरे सुटी असतात, ती साठवणीत एकेकटी सरकतात. आपली शिरोरेषा शब्दाला धरून ठेवते. अनुस्वाराला मात्र कोणी धरत नाही. ‘आनंद’, ‘संघ’, ‘वंदना’ यांतील टिंब कशालाही जोडलेले नसते आणि त्याला कागदावर धरणारा गमही टिंबाएवढाच. भोवतालचा नको असलेला भाग सोलताना ते त्याबरोबर जाते, किंवा कागद वाकला की उडून जाते. ‘चिंता’ आणि ‘चिता’ यांतील अंतर आपल्याला शाळेतच शिकवले गेले आहे. आम्ही त्याच मालाच्या कडेला, त्याच मापाची चार-सहा टिंबे जादा कापून ठेवतो. नंतर दुसऱ्या रोलमधून कापलेले टिंब रंगाने किंचित वेगळे दिसते आणि उन्हात ते वेगळेपण वाढतच जाते.

हा सोलण्याचा भाग कापल्यानंतर लगेच उरकावा. पाते फिरलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंचा गम उष्णतेत पुन्हा एकमेकाला मिळतो. दुसऱ्या दिवशी ‘ब’च्या पोटातील तुकडा काढू गेले की ‘ब’च उचलला जातो. अशोकचक्र कापले असेल तर चोवीस आऱ्यांपैकी एखादा तुटायला एका गरम रात्रीचा उशीर पुरतो.

सोललेली अक्षरे ज्या चिकट कागदाने उचलून भिंतीवर नेतात, त्या ट्रान्सफर टेपविषयी कारागिरांत दोन मते आहेत. काही जण ती आधीच लावून ठेवतात, कारण अक्षरांवर धूळ बसत नाही आणि माल उचलायला तयार राहतो. आमचे मत वेगळे आहे. दोन-तीन दिवसांचा प्रश्न असेल तर चालेल, त्यापुढे नाही. ही टेप कागदी असते, पावसाळी हवेत ती सुरकुतते आणि अक्षरांना मूळ कागदावरून उचलून घेते. तिच्या गमाची पकड दिवसेंदिवस वाढते. मग लावण्याच्या वेळी अक्षर भिंतीपेक्षा टेपलाच अधिक धरते. अधिक दिवस ठेवायचे असल्यास टेप न लावता जुन्या मालाचा मागचा गुळगुळीत कागद अक्षरांवर झाकावा, सिलिकॉनची बाजू अक्षरांकडे करून. तो एरवी कचऱ्यातच जातो.

लहान काम सपाट ठेवावे, घडी कधीच करू नये आणि त्यावर रोल किंवा पत्र्याचे फलक रचू नयेत. दाबाने गम कडेने बाहेर येतो, त्यावर धूळ बसते आणि अक्षराला काळी किनार येते. मोठे काम गुंडाळावेच लागते. तेथे बहुतेकांचा हात उलटा जातो. अक्षरे सुरक्षित राहावीत म्हणून ती आतल्या बाजूला घेऊन गुंडाळी करतात. त्याने पापुद्रा दाबला जातो, त्याला जागा पुरत नाही आणि तो कागदावरून बोगद्यासारखा फुगून उठतो. एकदा उठलेला बोगदा पुन्हा नीट बसत नाही. अक्षरे बाहेरच्या बाजूला घ्यावीत, आत किमान सात-आठ सेंटीमीटर व्यासाची पुठ्ठ्याची नळी घालावी, गुंडाळीला रबर न लावता सैल कागदी पट्टा लावावा आणि ती उभी ठेवावी.

आता आपल्या गावाकडे येऊ. कंपन्यांच्या माहितीपत्रकात साठवणीसाठी साधारण २० ते २५ अंश तापमान आणि ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता सांगितलेली असते. सटाण्यात पत्र्याच्या छपराखालच्या दुकानाला हे वर्षातून फार थोडे दिवस लाभते. आणि कामाची गर्दी नेमकी प्रतिकूल दिवसांत येते. १४ एप्रिलची जयंती आणि वैशाखातील बुद्ध पौर्णिमा दोन्ही कडक उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या आसपास असताना. शाळा उघडण्याच्या सुमारास फलकांची मागणी येते तेव्हा जूनचा दमटपणा सुरू झालेला असतो. देवमामलेदारांच्या यात्रेच्या दिवसांत थंडी असते. सकाळी गार पत्र्यावर लावलेले अक्षर पकडत नाही, ऊन चढेपर्यंत थांबावे लागते. वातानुकूलित खोली कोणाला परवडत नाही, पण पत्र्याला टेकलेला माळा टाळणे परवडते. जमिनीपासून वीतभर उंच, पश्चिमेची भिंत सोडून, बंद लोखंडी कपाटाऐवजी लाकडी मांडणी असली तरी पुष्कळ फरक पडतो. पावसाळ्यात गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत बांधावी. मात्र दमट दिवशी बांधली तर आतला ओलावाही बांधला जातो.

सर्वांत वाईट जागा उन्हात उभी असलेली बंद गाडी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर किंवा कांद्याच्या पिकअपवर नाव लावायला मळ्यात जाताना अक्षरे काचेजवळ ठेवली की तासाभरात गम पाझरतो. माल सपाट फळीवर, सावलीत न्यावा आणि लावण्याच्या जागी आधी काही वेळ तसाच ठेवावा, म्हणजे तो तेथील हवेशी जुळतो. बोट गमाला लागू देऊ नये. घामाचा व तेलाचा ठसा बसला की तेवढी जागा पकडत नाही. ज्या हाताने डाळिंबाच्या फवारणीचे पंप हाताळले, तो हात साबणाने धुऊनच अक्षराला लावावा, हे सांगण्याची वेळ आमच्यावर अनेकदा आली आहे.

हा सारा खटाटोप एरवी टाळता येण्यासारखा आहे. अक्षरे लवकर कापून ठेवली जातात, त्याची दोन कारणे. एक, वीज ऐन वेळी जाईल ही भीती. दुसरे, काम देणाऱ्यांची घाई. देणगीदारांची यादी अपुरी असताना फलक ‘सुरू करून ठेवा’ असे सांगितले जाते. पहिली नावे कापली जातात आणि उरलेली यायला दोन महिने लागतात. मग एकाच फलकावर आधीची अक्षरे थकलेली आणि नंतरची ताजी, असे होते. मजुरीतून शंभर रुपये बाजूला काढून शाळेला देणाऱ्या पालकाचे नाव पहिल्या यादीत होते म्हणून ते आधी गळून पडावे, हे आम्हाला बघवत नाही. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत दात्यांची नावे खडकात कोरली आहेत आणि सुमारे दोन हजार वर्षांनीही ती वाचता येतात. आपली अक्षरे उन्हात पाच-सात वर्षांची सोबती, त्यातले एखादे वर्ष साठवणीतच गमावू नये. संगणकातील फाईल कितीही दिवस ठेवली तरी आक्रसत नाही. शुद्धलेखन तपासून ती तयार ठेवावी, यादी पुरी झाली की एकाच रोलमधून एकाच दिवशी कापावी आणि त्याच आठवड्यात लावावी. विजेच्या भीतीवर भाड्याच्या जनरेटरचा एक दिवस हा उपाय बहुधा पुनर्कामापेक्षा स्वस्त पडतो.

छोट्या दुकानदाराला हे अधिकच लागू आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एचएसआरपी क्रमांकपाटी विक्रीच्या वेळीच मिळते. रेडियमच्या दुकानांचे नंबर प्लेटचे हुकमी काम त्याने घटले. उरले ते नावांचे आणि फलकांचे काम. त्यात एक फलक फुकट पुन्हा लावावा लागला तर मालाचे नुकसान थोडे, पण दिवसाची मजुरी आणि गिऱ्हाईक दोन्ही जातात.

जुनी कापलेली अक्षरे हाताशी असतील तर ती टाकण्यापूर्वी किंवा वापरण्यापूर्वी एक चाचणी करावी. एका अक्षराचे टोक उचलावे. कागदाचे तंतू गमाबरोबर आले, किंवा गम कागदावरच राहिला, तर तो संच बाद. पापुद्रा दुमडताना कडकन तुटला तरी बाद. या दोन्हींतून पार पडलेले अक्षर स्वच्छ काचेवर लावून एक रात्र ठेवावे आणि सकाळी कडा नखाने चाचपाव्यात. कडा बसलेल्या असतील तर बाकीची अक्षरे खुशाल वापरावीत. नामावलीच्या फलकाबरोबर आम्ही काही जादा अक्षरे व टिंबे शाळेच्या कार्यालयात देणार आहोत. पाकिटावर कापल्याची तारीख आणि रोलचा क्रमांक लिहिलेला असेल, आणि तारखेपासून सहा महिने उलटले की ते पाकीट न वापरता आमच्याकडे नवे मागावे.