कायद्याचा दुसरा भाग

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा मराठी वाचकाला ठाऊक असतो तो पारधी, कैकाडी अशा विमुक्त समाजांच्या कहाण्यांतून. त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविरुद्ध होता, हे क्वचितच कुणी सांगतं. पोलीस संशयावरून त्यांची नावं आणि राहण्याची ठिकाणं नोंदवत. नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेशात रस्त्यावर दिसली, किंवा तिथे नाचली, वाद्य वाजवलं, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद! ज्या कलेवर पोट होतं, तीच गुन्हा ठरली. मृत्युपत्र करण्याचा आणि दत्तक घेण्याचा हक्कही गेला; वारसा पुढे नेणाऱ्या, हिजड्यांमधल्या गुरू-चेल्याच्या नात्यावर याहून मोठा घाव कोणता?

तृतीयपंथीयांविषयीचा आजचा संशय सगळा परंपरेतून आलेला नाही. त्यातला बराचसा सरकारी नोंदवहीत वाढला, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. मात्र संशय सरला नाही: २०२१ मध्ये एनसीईआरटीने शिक्षकांसाठी काढलेली, तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याविषयीची पुस्तिका तक्रारींनंतर काही दिवसांतच संकेतस्थळावरून हटवली गेली.

इतिहासाच्या शिक्षकांना विनंती आहे: वर्गात हा कायदा शिकवाल तेव्हा त्याचे दोन्ही भाग शिकवा.