ओळख पटली, प्रवेश कोणास?

मोठ्या कार्यालयात किंवा विद्यापीठात शेकडो संगणक एका जाळ्यात गुंफलेले असतात. प्रत्येक यंत्रावर प्रत्येकाचे नाव स्वतंत्रपणे नोंदविणे दुरापास्त. म्हणून सर्वांची नावे, परवलीचे शब्द व गट एका मध्यवर्ती निर्देशिकेत ठेवले जातात. मायक्रोसॉफ्टने २००० साली आणलेली ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ हे या व्यवस्थेचे परिचित रूप होय.

या सोयीतच एक धोका दडलेला आहे. हजेरीपटावर नाव असणे व दप्तरखान्याची किल्ली हाती असणे या भिन्न गोष्टी होत. परंतु विंडोज संगणक निर्देशिकेस जोडला, की तिच्यातील सर्व सामान्य वापरकर्ते त्या यंत्राच्या स्थानिक वापरकर्ता-गटात आपोआप समाविष्ट होतात. परिणामी, ज्या यंत्रावर वेतनपत्रके वा परीक्षेचे गुण तयार होतात, तेथेही अन्य शाखेतील कर्मचारी स्वतःच्याच परवलीच्या शब्दाने प्रवेश करू शकतो.

उपाय कोणता?

वेतनशाखेसाठी निर्देशिकेत स्वतंत्र गट करावा आणि ‘ग्रुप पॉलिसी’मधील स्थानिक प्रवेशाची परवानगी त्या गटापुरती व प्रशासकांपुरती ठेवावी. मनाईचा नियमही स्वतंत्रपणे लावता येतो. दोन्ही लागू असल्यास मनाई प्रभावी ठरते. लिनक्स संगणकावर ‘एसएसएसडी’ या प्रणालीस अनुमत गटांची नावे दिली, की इतरांची ओळख पटूनही त्यांना प्रवेश मिळत नाही. अधिकार व्यक्तीऐवजी गटास दिल्यामुळे बदलीच्या वेळी गटातील एक नाव वगळणे पुरेसे होते. यंत्रागणिक फिरावे लागत नाही.

दोन दक्षता

नियमात प्रशासकांचा गट राहून गेल्यास दुरुस्ती करणाराच बाहेर अडकतो. म्हणून नवा नियम प्रथम एखाद्याच यंत्रावर पडताळून पाहावा. दुसरे असे, की जाळे तुटले तरी काम अडू नये, यासाठी विंडोज सामान्यतः अखेरच्या १० वापरकर्त्यांची ओळख यंत्रातच जपून ठेवते. त्यामुळे निर्देशिकेतील खाते बंद केल्यावरही जाळ्याबाहेरील लॅपटॉप जुन्या वापरकर्त्यास प्रवेश देऊ शकतो. कार्यमुक्तीच्या वेळी असा लॅपटॉप परत घेणे अगत्याचे आहे.

कोणते यंत्र कोणासाठी, हा निर्णय मूलतः प्रशासकीय आहे. तंत्रज्ञ केवळ त्याची अंमलबजावणी करतो. कार्यालयप्रमुखांनी अशी यादी स्वतः निश्चित करावी व प्रत्येक बदली-आदेशाबरोबर ती तपासावी.