वेडेलियाच्या चार कांड्या

भाईंदरला तळमजल्यावर घर घेतलं, तेव्हा मागच्या बाजूला दहा बाय बारा फुटांचा तुकडा पदरात पडला. बागेची हौस दांडगी. पण जमीन कसली! एके काळची मिठागरं जवळच. खाऱ्या मातीवर मुरमाची भरणी करून इमारत उभी केलेली. मोगरा पिवळा पडला, गुलाबानं तर महिनाभरात राम म्हटला. शेवटी बँकेतल्या एका सहकाऱ्यानं वर्तमानपत्रात गुंडाळून चार कांड्या आणून दिल्या. ‘‘साहेब, लावा आणि विसरून जा!’’

ती वेडेलिया. लावली आणि खरोखरच विसरलो. पावसाळा सरेतो जमीन दिसेनाशी झाली. हिचं खोड जमिनीवर सरपटतं, मातीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि तिथून नवी फांदी निघते. चक्रवाढ व्याजच म्हणा ना! वर सूर्यफुलाच्या पिल्लांसारखी पिवळी फुलं, जवळजवळ बाराही महिने. ऊन, खारट माती, दुर्लक्ष, सगळं चालतं. ‘‘तुमच्या हातून जगलेलं हे पहिलंच झाड,’’ असं सौ.नं प्रशस्तिपत्रक दिलं.

यश मिळालं की माणूस वाटत सुटतो. शेजाऱ्यांना दिली, शाखेतल्या शिपायाला दिली आणि एका गणपतीत दापोली तालुक्यातल्या ताईकडेही पिशवीभर नेली. तिच्या परड्यामागून पऱ्ह्या वाहतो. ‘‘काठाला लाव, माती धरून ठेवील,’’ हा सल्लाही माझाच.

मधे बरीच वर्षं गेली. निवृत्तीनंतर गौरी-गणपतीला निवांत गेलो, तर ताई मला हाताला धरून मागं घेऊन गेली. पऱ्ह्याचे दोन्ही काठ साकवापर्यंत पिवळेधमक. मी खूश! ती मात्र शांतपणे म्हणाली, ‘‘यंदा गौरीला तेरडा वर सड्यावरून आणवला रे. इथं एक रोप उरलेलं नाही.’’

कोकणातल्या कित्येक घरांत तेरड्याचीच गौर असते. ताईच्या सासूबाई, त्यांच्याही सासूबाई याच काठावरून ती वाजतगाजत घरात आणत. तेरडा एका पावसाचा धनी. दरसाल बी रुजायला त्याला उघडी माती आणि उजेड लागतो. माझ्या गालिच्याखाली दोन्हीही नव्हतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणून आपण त्याला हिणवतो, आणि बारमाही फुलणारीला पिशवीतून घरपोच नेतो!

परतल्यावर वाचलं. वेडेलिया मूळची मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडची. वेडेल नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलेलं हे नाव आता शास्त्रात बदललं आहे, रोपवाटिकांत टिकून आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींची एक यादी २००० साली निघाली, तीत आपल्या घाणेरीबरोबर हीही आहे. बियांपेक्षा तिची भिस्त तुकड्यांवर. छाटलेल्या फांद्या नाल्यात फेकल्या की पाणी त्यांना नव्या काठाला लावतं. आमच्या सोसायटीचा माळी छाटणी कुठं टाकतो, ते मी त्याच दिवशी जाऊन पाहिलं. नाल्यात. आणि आमचा नाला खाडीला मिळतो.

कर्जाच्या कागदांवर सही करणाऱ्या जामीनदाराला मी बजावायचो, ‘‘काका, कर्ज तुमचंच आहे असं समजून सही करा.’’ कांड्या वाटताना मला हे कुणी बजावलं नाही.

मागच्या वर्षी माघात, काठ ओलसर असताना, भाचा आणि मी कुदळ घेऊन उतरलो. नुसतं ओढलं तर पेर तुटून मातीत राहतं. मुळासकट खणावं लागतं. चार दिवसांत अठरा गोणी निघाल्या. त्या कातळावर पसरून कुरकुरीत होईतो वाळवल्या. मृगाचा पाऊस पडल्यावर राहिलेली पेरं पुन्हा फुटली, ती भाच्यानं वेचली आणि सड्यावरून आणलेल्या तेरड्याच्या बोंडांचं बी तिथं विखुरलं. भाईंदरची बाग मी उपटली. एक कुंडी तेवढी ठेवली आहे, सौ.च्या आग्रहाखातर. तिची छाटणी गच्चीवर वाळते, नाल्यात जात नाही. शेजाऱ्यांकडे अजून विषय काढलेला नाही. दिलेली वस्तू परत कशी मागायची?

गणपतीत ताईचा फोन आला. काठावर तेरड्याची सात रोपं आली होती.

‘‘मग गौर घरचीच?’’

‘‘छे रे! सड्यावरचीच आणली. ही तशीच राहू देत. बोंडं तडकून बी पडू दे यंदा.’’