आकांक्षा आणि पूर्ती : ऑब्जेक्ट फाइल व कार्यक्षम आज्ञावली

साहित्याच्या अभ्यासकाचा संगणकाशी असलेला संबंध आता केवळ टंकलेखनापुरता उरलेला नाही. शब्दसूची, पाठभेदांची तुलना, कोशरचना अशा कामांसाठी आज्ञावल्या लिहिल्या जातात आणि संशोधनाचे साधन म्हणून त्या जपूनही ठेवल्या जातात. परंतु आज्ञावली जपली म्हणजे नेमके काय जपले? एकाच आज्ञावलीला तीन रूपे असतात : लेखकाने लिहिलेली मूळ संहिता, तिच्यापासून सिद्ध होणारी ऑब्जेक्ट फाइल आणि प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली. यांपैकी पहिले रूप माणसाला वाचता येते. उरलेली दोन्ही यंत्रभाषेत असल्यामुळे एकच वाटतात. पण तशी ती नाहीत. हा भेद स्पष्ट करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञेविषयी. येथील 'ऑब्जेक्ट' या शब्दाचा अर्थ 'वस्तू' असा नाही. फोरट्रान भाषेच्या अगदी आरंभीच्या माहितीपुस्तकापासून भाषांतरापूर्वीच्या आज्ञावलीला 'सोर्स' आणि भाषांतरानंतरच्या आज्ञावलीला 'ऑब्जेक्ट' म्हटले गेले. अनुवादमीमांसेत आपण मूळ भाषा व लक्ष्य भाषा म्हणतो, तीच ही जोडी. तेव्हा 'ऑब्जेक्ट' म्हणजे भाषांतराचे उद्दिष्ट.

आता एक साधे उदाहरण घेऊ. सी भाषेत लिहिलेली शब्दगणनेची एक आज्ञावली दोन फाइलींत विभागलेली आहे. पहिलीत मुख्य भाग असून तो 'मोजणी' नावाच्या फलनाला पाचारण करतो. त्या फलनाची व्याख्या दुसऱ्या फाइलीत आहे. कंपायलर प्रत्येक फाइलीचे भाषांतर स्वतंत्रपणे करतो. पहिली फाइल हाताळताना 'मोजणी' स्मृतीत कोठे असेल, हे त्याला ठाऊक नसते. इंटेल वा एएमडीच्या ६४-बिट प्रक्रियकावर पाचारणाची अशी आज्ञा ५ बाइटांची असते. पहिली बाइट क्रिया सांगते आणि उरलेल्या ४ बाइटांत लक्ष्यस्थानापर्यंतचे अंतर असावयास हवे. लिनक्स प्रणालीत कंपायलर तेथे सामान्यतः शून्ये भरून ठेवतो आणि फाइलीत दोन नोंदी करतो : 'मोजणी' हे नाव येथे वापरले आहे, पण त्याची व्याख्या येथे नाही, आणि अमुक जागी ते अंतर मागाहून भरावयाचे आहे.

न्याय व मीमांसा यांच्या परिचितांना येथे 'आकांक्षा' ही संज्ञा आठवेल. 'देवदत्त आणतो' एवढे म्हटले की 'काय?' ही अपेक्षा उरते. पदे शुद्ध असतात, पण वाक्य पूर्ण झालेले नसते. ऑब्जेक्ट फाइल म्हणजे अशीच साकांक्ष पदरचना. तिच्यातील भाषांतर अचूक असते. अपुरे असते ते तिचे संदर्भ.

हे संदर्भ पुरे करण्याचे काम लिंकर करतो. तो सर्व ऑब्जेक्ट फाइली आणि ग्रंथालय म्हणून ओळखले जाणारे तयार फलनांचे संग्रह एकत्र घेतो, आज्ञांचे भाग एकापुढे एक रचतो, प्रत्येकाला पत्ता देतो आणि मग रिकाम्या जागा भरतो. व्याख्या कोठेच सापडली नाही, किंवा एकाच नावाच्या दोन व्याख्या सापडल्या, तर तो तक्रार करतो. ही तक्रार लिंकरची असते, कंपायलरची नव्हे. ती मूळ संहितेच्या व्याकरणात शोधणे व्यर्थ होय. याखेरीज आरंभ कोठून करावयाचा तो पत्ता आणि कोणता भाग स्मृतीत कोठे चढवावयाचा याचा तक्ताही लिंकर जोडतो. म्हणूनच ज्या ऑब्जेक्ट फाइलीला बाहेरचे काहीच नको, तीही जशीच्या तशी चालत नाही. लिनक्समध्ये दोन्ही प्रकारच्या फाइली ईएलएफ या एकाच साच्यात असतात व त्यांच्या पहिल्या ४ बाइटाही सारख्याच असतात; भेद पुढील प्रकार-क्रमांकाने आणि या तक्त्याने कळतो.

मात्र ही तुलना फार ताणू नये. वाक्यार्थाला आकांक्षेबरोबर योग्यताही लागते. 'विस्तवाने शिंपतो' हे वाक्य साकांक्ष पदांचे असूनही अयोग्य ठरते. सी भाषेच्या बाबतीत लिंकर केवळ नाव जुळवतो. फलनाला अक्षरमाला हवी असता संख्या दिली, तरी दोन फाइलींमधील ही विसंगती तो सहसा ओळखत नाही. सी++ मध्ये कंपायलर नावातच घटकांचे प्रकार गुंफतो, त्यामुळे योग्यतेची काहीशी तपासणी होते.

इतिहासाकडे पाहता एक गमतीची गोष्ट आढळते. 'कंपाइल' याचा अर्थ संकलन करणे. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास युनिव्हॅकसाठी सिद्ध केलेली ए-० प्रणाली खरोखरच संकलन करीत असे : क्रमांकाने निर्दिष्ट केलेली फलने फितीवरून घेऊन ती एकत्र जोडत असे. आजच्या भाषेत ते काम लिंकरचे. १९५७ च्या फोरट्राननंतर 'कंपायलर' हे नाव भाषांतरकाराकडे स्थिरावले; १९५८ च्या फोरट्रान-२ मध्ये भाग स्वतंत्रपणे भाषांतरित करण्याची सोय झाली. मराठीतील 'संकलक' ही संज्ञा मूळ अर्थाशी प्रामाणिक आहे, परंतु आज ते काम करणारा दुसराच आहे.

कार्यक्षम आज्ञावलीही सर्वस्वी निराकांक्ष असते असे नाही. अनेक फलने ती चालू होतानाच सामायिक ग्रंथालयांतून जोडली जातात. ते ग्रंथालय नसेल तर ती अडते. शिवाय ती विशिष्ट प्रक्रियक व प्रणाली यांना बांधलेली असते. डॉससाठी सिद्ध झालेली १६-बिट आज्ञावली ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही; तिला जुन्या यंत्राचा आभास निर्माण करणारे दुसरे साधन लागते. यावरून जतनाच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. एखाद्या कोशाची वा शब्दसूचीची केवळ चालणारी आज्ञावली राखणे म्हणजे मूळ हस्तलिखित टाकून त्याचा एकच अनुवाद राखणे, आणि तोही अशा भाषेतला की जिचे वाचक एका पिढीत संपतील. मूळ संहिता, तिला लागणाऱ्या ग्रंथालयांची यादी आणि भाषांतर व जोडणी यांची कृती एवढे एकत्र ठेवले, तर नव्या यंत्रासाठी आज्ञावली पुन्हा सिद्ध करण्याचा मार्ग खुला राहतो.