नव्या वस्तूची हमी : जादा पैसे मोजावेत का?

मैत्रिणींनो, घरात एखादी मोठी नवी वस्तू येते तो दिवस कसा असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. खोकं उघडायच्या आत पोरं भोवती गोळा होतात, शेजारच्या काकू डोकावून जातात, आपण वस्तूला हळदकुंकू लावतो. पण त्याच्या आधी दुकानात एक छोटासा प्रसंग घडून गेलेला असतो. भाव ठरलेला असतो, पैसे द्यायचे तेवढे राहिलेले असतात, आणि काउंटरवरचा मुलगा गोड हसून विचारतो, "ताई, एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू ना? फक्त साडेतीन हजार. पुढे तीन वर्षं बघायला नको!"

यजमान आपल्याकडे बघतात, आपण यजमानांकडे. नको म्हणावं आणि उद्या काही झालं, तर "तूच नको म्हणालीस" हे ऐकावं लागणार. मग आपण म्हणतो, "टाका." ही वाढीव हमी घ्यावी की नाही, याचा विचार घरी निवांत बसून आपण कधी केलेलाच नसतो.

मलाही तो करायला लावला तो गणेशपुरीच्या आमच्या वन्संनी.

वन्संचं मशीन

गणेशपुरी तुम्हाला ठाऊक असेलच. भिवंडी तालुक्यातलं, तानसा नदीच्या काठचं गाव. नित्यानंदस्वामींच्या समाधीला लोक येतात, गरम पाण्याच्या कुंडांत अंघोळी करतात, शेजारच्या वज्रेश्वरीला जाऊन देवीचं दर्शन घेतात. आमच्या वन्संचं घर तिथेच. घराला लागून तीन खोल्या आहेत, त्या आल्यागेल्या यात्रेकरूंना देतात. शनिवार-रविवार माणसं असतात, म्हणजे सोमवारी चादरींचा ढीग आलाच. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मुलाने हट्ट धरला, आणि दिवाळीत भिवंडीच्या बाजारातून कपडे धुण्याचं मशीन आणलं. किंमत २४,००० रुपये. कंपनीची हमी एक वर्षाची. दुकानदाराच्या सांगण्यावरून पुढच्या तीन वर्षांची वाढीव हमी घेतली, तिचे ३,६०० वेगळे.

मशीन आलं त्याच आठवड्यात पिळताना घरघर आवाज यायला लागला. वन्संनी दुकानात फोन केला. उत्तर आलं, "काकू, नवीन आहे, थोडा आवाज येणारच. मशीन बसलं की जाईल." आवाज काही गेला नाही. वन्संनाच त्याची सवय झाली. आपल्या बायकांचं हे असं असतं बघा! घरातल्या वस्तूचं दुखणंसुद्धा आपण अंगावर काढतो.

चौदाव्या महिन्यात मशीन बंद पडलं. कंपनीची हमी संपून दोन महिने झालेले. पण वाढीव हमी होती ना! वन्संनी हौसेने तो कागद काढला. मेकॅनिक आला, त्याने मशीन उघडलं. म्हणाला, "बेअरिंग गेलंय, ड्रम बदलावा लागेल." मग दाराबाहेर वाळत घातलेल्या चादरींकडे बघितलं आणि विचारलं, "खोल्या भाड्याने देता का?" वन्संनी सरळपणे हो सांगितलं. दोन दिवसांनी कळवण्यात आलं, की यंत्राचा वापर व्यापारी असल्यामुळे हमी लागू होत नाही. अट कागदावर छापलेलीच होती, मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत.

मी गेले तेव्हा वन्सं पितळी बादलीत चादरी भिजवत बसल्या होत्या. "साडेतीन हजारांचा कागद आणि साडेतीन आण्यांचा उपयोग नाही," एवढंच म्हणाल्या.

कोळीणबाईचं शहाणपण

दुसऱ्या दिवशी वज्रेश्वरीच्या बाजारात गेले होते. तिथे सुकी मासळी घेऊन बसलेली अर्नाळ्याची एक कोळीण ओळखीची झाली. गणेशपुरीजवळून वाहणारी तानसा पुढे वैतरणेला मिळते, आणि वैतरणा अर्नाळ्याजवळ समुद्राला. म्हणजे तशी आम्ही एकाच पाण्याची माणसं! बोलता बोलता मी वन्संच्या मशीनची कथा सांगितली. ती हसली. म्हणाली, "बाय, आमची होडी नवी आली ना, की पयल्या फेरीला लांब नाय नेत. किनाऱ्याच्या जवळच दोन-चार दिस फिरवायची. पाणी कुठनं येतंय, कुठला सांधा कुरकुरतोय, ते बगायचं. बनवणाऱ्याला तवाच बोलवायचा. नंतर तो कशाला येतोय?"

"आणि पुढे वर्षा-दोन वर्षांनी बिघडली तर?" मी विचारलं.

"बिगडणारच की! समुद्रात काय चांगली राहते? जून-जुलैत मासेमारी बंद असते तवा होडी वर ओढायची, डागडुजी करायची, रंग द्यायचा. त्याचे पैसे वर्षभर बाजूला टाकायचे."

लाखो रुपयांची होडी. तिच्यावर अख्ख्या घराचं पोट. ती राखायची युक्ती या बाईने मला दोन वाक्यांत सांगितली. नवी असताना कसून तपासायची, आणि पुढच्या दुरुस्तीचे पैसे स्वतःच साठवायचे. घरी येऊन मी चौकशी केली, वाचलं, तेव्हा आपल्या फ्रिज-मशीनलाही हेच लागू पडतं असं माझं मत झालं. का, ते सांगते.

वस्तू बिघडते कधी?

यंत्रं कधी बिघडतात याचा अभियंते आलेख काढतात. त्याचा आकार असतो न्हाणीघरातल्या टबासारखा, म्हणून त्याला नावही टबाचंच आहे. सुरुवातीला बिघाड जास्त. कारण कारखान्यात राहिलेली चूक, ढिला स्क्रू, खराब सुटा भाग, सदोष जोडणी हे सगळं पहिल्या काही महिन्यांत बाहेर पडतं. मग बराच काळ रेषा खाली सपाट जाते. आणि शेवटी, वस्तू झिजली की पुन्हा वर चढते.

आता बघा हं. टबाची पहिली कड कंपनीच्या फुकट हमीत येते. शेवटची कड बहुधा वाढीव हमीही संपल्यानंतर येते. आपण जादा पैसे मोजतो ते प्रामुख्याने मधल्या सपाट भागासाठी, म्हणजे वस्तू सर्वांत कमी बिघडते त्या काळासाठी! विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून तर तो एवढ्या प्रेमाने आग्रह करतो.

सगळ्याच वस्तू अशा शहाण्यासारख्या वागतात असं नाही. क्षाराच्या पाण्याने गिझरची कॉइल लवकर जाते, विजेच्या चढउताराने सर्किट बोर्ड जळतो. पण गंमत अशी, की क्षार, गंज, विजेचा दाब, उंदराने कुरतडलेली वायर हीच कारणं हमीच्या कागदात पुष्कळदा वगळलेली असतात. रबर, पाइप, प्लॅस्टिकचे भागही पुष्कळ ठिकाणी धरत नाहीत. फ्रिजच्या कॉम्प्रेसरची "दहा वर्षं हमी" असते, ती सहसा त्या भागापुरती. गॅस भरणं आणि मजुरी आपल्या माथी.

मग कधीच घेऊ नये का?

तसं मी म्हणणार नाही. वस्तू महाग असेल आणि तिचा एकच भाग बदलायला निम्म्याहून जास्त किंमत पडत असेल, उदाहरणार्थ मोठ्या टीव्हीचा पडदा किंवा इन्व्हर्टर एसीचा बोर्ड, तर विचार करायला हरकत नाही. मात्र हमी दुकानाची किंवा तिसऱ्याच कुणाची नको, वस्तू बनवणाऱ्या कंपनीची हवी. दुकान बंद झालं तर कागद घेऊन कुठे जाणार? आणि पैसे देण्याआधी हे प्रश्न विचारा :

वाढीव मुदत कधीपासून मोजणार? कंपनीची हमी संपल्यावर, की खरेदीच्या दिवसापासून? खरेदीपासून असेल तर पहिलं वर्ष तुम्ही दोनदा विकत घेताय.

माणूस घरी येण्याचे पैसे वेगळे का? सुटे भाग आणि मजुरी दोन्ही धरलेत का? किती वेळा दुरुस्ती करून मिळेल?

तुमच्या गावी त्यांचा माणूस येतो का? शहरातल्या बाईला हा प्रश्न सुचत नाही, गणेशपुरीच्या बाईला तो आधी विचारावा लागतो.

घरी शिकवण्या, खानावळ, शिवणकाम, भाड्याच्या खोल्या असं काही असेल तर तो वापर चालतो का? चालतो म्हणाले तर बिलावर लिहून घ्या.

उत्तरं देताना विक्रेता अडखळला, तर पैसे पर्समध्येच राहू द्या.

कायदा आपल्या बाजूला आहे

कित्येक जणींना वाटतं, हमीचा कागद हाच आपला एकमेव आधार. तसं नाही. ग्राहकांनी एकत्र यावं म्हणून मुंबईत १९७५ साली ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि तिच्या कामात गृहिणींचा मोठा वाटा होता. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तूच्या दर्जात खोट किंवा उणीव असेल तर हा कायदा तिला 'दोष' म्हणतो, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. वाढीव हमी घेतली की नाही, याचा त्या हक्काशी संबंध नाही. मात्र दोष मुळातलाच होता हे दाखवायची तयारी हवी, आणि तिथेच आपला लेखी पुरावा कामाला येतो.

भिवंडी तालुक्याला ठाण्याचा जिल्हा आयोग आहे. वस्तू दुसऱ्या गावी घेतली असली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही. तक्रार घरबसल्या 'ई-जागृती'वर नोंदवता येते. पण त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघावा. बऱ्याच वेळा प्रकरण तिथेच मिटतं.

आणि ते 'व्यापारी वापरा'चं काय? व्यापारासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही हे खरं. पण स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी एखादीने वस्तू घेतली असेल, तर तिला कायदा ग्राहकच मानतो. घरी शिवणयंत्र चालवणाऱ्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं.

वन्संच्या प्रकरणाचं पुढे असं झालं. मी त्यांचा मोबाइल घेऊन बसले. सापडलं! मशीन आलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात भाच्याने आवाजाचं चित्रण करून दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. घरात ते कुणाच्या लक्षातही नव्हतं. ते चित्रण, त्यावरची तारीख आणि बिल घेऊन आम्ही हेल्पलाइनला तक्रार दिली. दोष पहिल्या पंधरा दिवसांतच कळवलेला होता, तेव्हा कंपनीला वापराची सबब सांगता येईना. तीन आठवड्यांनी माणूस आला आणि बेअरिंग, ड्रम दोन्ही फुकट बदलून गेला. वाढीव हमीचे ३,६०० मात्र गेले ते गेलेच. कामाला आला तो आठ सेकंदांचा आवाज.

आता एवढं करा

नवी वस्तू आली की पहिल्या पंधरा दिवसांत तिला पूर्ण राबवून बघा. मशीन असेल तर प्रत्येक कार्यक्रम एकदा लावा, भरल्या भाराने पिळून बघा. फ्रिजमध्ये बर्फ किती वेळात होतो, दाराचं रबर घट्ट बसतं का, ते तपासा. शंका आली तर फोनवर नुसतं बोलू नका. कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या, दुकानदारालाही लेखी कळवा.

बिलाचा लगेच फोटो काढून ठेवा. त्या चकचकीत कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात. हमीचा कागद, बिल आणि तक्रारींचे क्रमांक एका पाकिटात ठेवा. हमी संपायच्या महिनाभर आधीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा आणि त्या दिवशी वस्तूची पुन्हा एकदा तपासणी करा. बारीकसारीक कुरकुर असेल तर ती तेव्हाच फुकटात निघते.

आणि शेवटचं, कोळीणबाईचं. वाढीव हमीचे पैसे दुकानात न देता दरमहा २०० रुपये वेगळ्या खात्यात टाका. वर्षाला २,४०० होतात. वन्संच्या तीन वर्षांच्या हमीशी ताडून बघा. तेवढ्या काळात आपल्याकडे ७,२०० जमतात, आणि ते एका मशीनपुरते नव्हे, मिक्सर, गिझर, पंखा, जे बिघडेल त्याच्या उपयोगी पडतात. काहीच बिघडलं नाही तर पैसे आपलेच.

परवा वन्संचा फोन आला होता. त्यांनी खातं उघडलंय. घरातल्या कुणी त्या पैशांना हात लावायचा नाही असा दंडक आहे म्हणे. "भाड्याच्या खोल्यांसाठी नवा गिझर घ्यायचाय," म्हणाल्या, "पण या वेळी दुकानात मी बोलणार आहे. प्रश्नांची यादी तेवढी लिहून पाठव."

वन्संसाठी लिहिलेली ती यादी वर दिलीच आहे. तुम्हीही उतरवून घ्या.