‘चाइल्डकेअर’ म्हणजे फक्त पाळणाघर नाही

मुंब्रा असो की डोंबिवली, ‘चाइल्डकेअर’ म्हटलं की आपल्याला पाळणाघरच आठवतं. आई सकाळची लोकल पकडते, संध्याकाळी येऊन मूल घेऊन जाते. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे, आणि त्यात हक्काच्या गोष्टी हातून निसटतात.

आपल्या घरांतला जुना शब्द ‘परवरिश’. त्यात खाणंपिणं, तालीम, अदब सगळं आलं. शरियतमध्ये मात्र ‘हिजानत’ हा वेगळा शब्द आहे: लहान मुलाला जवळ ठेवून सांभाळण्याचा हक्क. हा हक्क आधी आईचा. हनफी मतानुसार मुलगा 7 वर्षांचा होईपर्यंत, मुलगी वयात येईपर्यंत. कोकणी मुस्लिम शाफई. त्यांच्याकडे समज आलेल्या मुलाची पसंतीही विचारली जाते. खर्चाची जबाबदारी बापाची. सूरह बकराची 233 वी आयत दूध पाजणाऱ्या आईचं अन्नवस्त्रही बापावरच टाकते. म्हणून तलाकनंतर “मूल तू ठेवलंस ना, मग खर्चही तूच बघ” असं कुणी सुनावलं, तर त्याला दीनचा आधार नाही. वाद कोर्टात गेला तर 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचं हित पाहिलं जातं.

सरकारी मराठीत शब्द येतो ‘संगोपन’. ‘बालसंगोपन योजना’ हे नाव ऐकून मुलं कशी वाढवावीत याचं एखादं शिबिर असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ही पैशांची मदत आहे. अनाथ, एक पालक गेलेल्या किंवा घटस्फोटित पालकांच्या गरजू मुलांसाठी वयाच्या 18 वर्षांपर्यंत ती मिळते. 2023 पासून दरमहा 2250 रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा, मंजुरी बालकल्याण समितीची. विधवा बहिणींना हे कुणीतरी सांगायला हवं.

नोकरीच्या ठिकाणचं पाळणाघर हाही हक्कच आहे. 2017 च्या दुरुस्तीनंतर 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे ते बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येतं. धुणीभांडी करणाऱ्या किंवा घरी शिलाई करणाऱ्या बायांना याचा काहीच फायदा नाही. त्यांच्यासाठी उरते 6 वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी, तीही काही तासांचीच. बाकीचा दिवस नानी, नाहीतर शेजारची खाला.